जगताप काका, पेट्या वेळेवर आल्या होत्या

काका,

यंदा आंब्याच्या पहिल्या तोडीच्या दिवशी तुम्हाला कुणी हाक मारली नाही, ते मला फार लागलं. दरवर्षी लखनौजवळ बख्शी का तालाबच्या आपल्या शेडवर तोडीवाले इद्रीस मियाँ सायकलवरून उतरता उतरताच ओरडायचे, "फौजी चाचा, पेटियाँ आ गईं?" तुम्ही भांडाराच्या दारात टाचा जुळवून सलाम ठोकायचात, "आ गईं, हुज़ूर." मग अख्खी शेड हसायची आणि मोसम सुरू व्हायचा. यंदा इद्रीस मियाँनी सायकल भिंतीला टेकवली आणि ते मुकाट आत गेले. भांडाराचं कुलूप मी उघडलं. पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. त्या दिवशी तोड झाली, पण मोसम सुरू झाल्यासारखं काही वाटलं नाही.

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. नीताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भैया, पापा नहीं रहे," एवढंच ती म्हणाली. मी मराठीत काहीबाही विचारत राहिलो आणि ती नेहमीसारखी हिंदीत उत्तरं देत राहिली. विकास नगरला तुमच्या घरी पोचलो, तर काकूंनी माझ्या हातात आधी शेडची चावी ठेवली. "ही तेवढी घेऊन जा बाबा. सकाळपासून उशाशी बघतेय, बघवत नाही." मी चावी खिशात टाकली आणि पुढच्या कामाला लागलो. रडू आलं ते संध्याकाळी, घरी जायला स्कूटर काढताना. मागे बसून "चोक ओढा, साहेब, चोक" म्हणणारं कुणी नव्हतं.

तुमच्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं ऑफिसातून सांगितलंय. जन्म सातारा जिल्ह्यात, हवाई दलाच्या भांडारात इतकी वर्षं नोकरी, निवृत्तीनंतर आंबा निर्यातीच्या शेडवर भांडारपाल, असं काहीतरी त्यांना हवंय. ते मी देईन लिहून. हे वेगळं आहे. हे आपलं पाच वर्षं चाललेलं भांडण आहे, आणि तुम्ही ते अर्धवट टाकून निघून गेलात.

तुम्ही शेडवर आलात त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलंत, "आंब्यातलं मला काही कळत न्हाई." मी मनात हसलो होतो. मला सगळंच कळत होतं ना. मी देवगडचा, हापूसच्या बागेत वाढलेला, वर फळशास्त्राची पदवी घेतलेला. इथल्या दशहरी आंब्याकडे मी गरीब नातेवाइकाकडे बघावं तसा बघायचो. तुम्हाला माझा तो ताठा पहिल्या आठवड्यातच दिसला असणार, कारण तुम्ही मुद्दाम माझ्यासमोर बादलीत दशहरी भिजत टाकून चोखत बसायचात. "साहेब, तुमचा हापूस बडा हाकीम. सुरीशिवाय भेटत न्हाई. हा आपला बिचारा, कुठंही भेटतो." मी चिडायचो. तुम्हाला तेच हवं असायचं.

त्या वर्षी सगळ्या खात्यांना निर्यातीचं वेड लागलं होतं. आपल्याला दोन कंटेनर मिळाले होते. लखनौची दशहरी थंड कंटेनरमधून रस्त्याने मुंबई बंदरात आणि तिथून जहाजाने आखातात, असा बेत. पेट्या भरणाऱ्या बायका, तोड करणारे गडी, तुम्ही आणि मी धरून अठरा माणसं. दोन्ही कंटेनर नीट पोचले तर शेड कायमची, नाहीतर कुलूप, असं साहेबलोकांनी तोंडी सांगितलं होतं. त्या अठरांपैकी माझी नोकरी तेवढी पक्की होती. बाकी सगळ्यांची चूल त्या दोन कंटेनरांवर होती.

तोडीचा दिवस मी ठरवायचा होता. इद्रीस मियाँ चाळीस वर्षं त्या बागांमध्ये होते. जूनच्या सुरुवातीलाच एका सकाळी झाडाखाली आपोआप गळून पडलेले दोन पिके आंबे ओंजळीत घेऊन ते माझ्याकडे आले. "साहब, टपका लग गया है. अब तोड़ लीजिए, वरना डाल पर ही पक जाएगा." मी आंबे हातात घेतले, वरच्या फांदीकडे बघितलं आणि म्हणालो, "अभी रुकिए." का थांबायचं ते सांगितलं नाही. साहेबाने कारण सांगायचं नसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

कारण फक्त तुम्हाला सांगितलं होतं, परत जाताना स्कूटरवर. आमच्याकडे हापूस चौदा आणे तयार झाला की त्याचे खांदे भरतात, देठाजवळ खळगा पडतो आणि दोन्ही बाजू वर उचलल्या जातात. ते दिसलं की तोडायचं. इथे अजून खांदे भरलेले नाहीत. तुम्ही मागून म्हणालात, "पण साहेब, या दशहरीला खांदे असतात का? मला तर बाटलीसारखी उतरती दिसती." मी म्हणालो, "काका, तुम्ही पेट्या सांभाळा."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. मी नऊ दिवस खांदे भरायची वाट पाहिली. दशहरीचे खांदे कधीच भरत नाहीत. लखनौतल्या कुठल्याही पोराने मला हे सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर.

पहिला कंटेनर बंदरातच नापास झाला. फॅक्स आला तो आपण दोघांनी मिळून वाचला. फळ मऊ, जहाजावर चढवण्यालायक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये कुणी पाऊल टाकेना. सगळे बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले. पेट्या भरणाऱ्या बायकांची मुख्य सरोज. तिने ओढणीने डोळे पुसत विचारलं, "तो हम लोग अब न आएँ, साहब?" माझ्या खिशात बदलीचा अर्ज लिहून तयार होता.

तुम्ही भाषण केलं नाहीत, धीर दिला नाहीत, चहासुद्धा मागवला नाहीत. तुम्ही भांडारातून बारा पेट्या बाहेर आणल्यात. हवाई दलातली सवय म्हणून तुम्ही त्या मालातल्या बारा पेट्या कुणालाही न विचारता बाजूला ठेवल्या होत्या. जे पाठवलं त्याचा नमुना आपल्याकडे असलाच पाहिजे, असा तुमचा हट्ट. सतरंजीवर सगळी फळं मांडलीत आणि प्रत्येकाच्या हातात सुरी दिलीत. "सब लोग एक-एक काटो. देखो और बताओ." रडवेली माणसं काम मिळाल्यावर जरा सरळ बसली. चिरलेल्या फोडी एकमेकांना दाखवू लागली. कोयीजवळचा गर काळपट आणि पाणचट झाला होता. इद्रीस मियाँनी फोड हुंगली आणि खाली ठेवली. "डाल पर पके हैं. तोड़ाई देर से हुई." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

आणि तुम्ही म्हणालात, "गलती मेरी है. पेटियाँ देर से मँगाईं मैंने. साहब क्या करते, तोड़ाई रोकनी पड़ी."

पेट्या वेळेवर आल्या होत्या, काका. तोडीच्या आधी दहा दिवस आल्या होत्या आणि तुमच्या कुलपात होत्या. हे तुम्हाला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं.

मग इद्रीस मियाँच्या तोंडून हसू फुटलं. "लो जी. अरे फौजी चाचा, पेटी का क्या था, हम टोकरों में भर देते." सरोज हसली, मग सगळेच. मी तिथेच उभा होतो. तुमच्यावर कुणी चिडूच शकत नव्हतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. हशा संपायच्या आत तुम्ही पुढचं सांगून टाकलंत की दुसऱ्या कंटेनरच्या तोडीचा दिवस इद्रीस मियाँ ठरवतील, पेट्या आजच मोजून बाहेर काढू आणि सरोजच्या बायका आतापासून कागदाचं कातरण भरायला घेतील. माझ्याकडे वळून, शेडमध्ये बोलायचात तशा अदबीने विचारलंत, "ठीक है न, साहब?" मी मान हलवली.

उशिरा फळणाऱ्या बागांमधून दुसरा कंटेनर भरला. इद्रीस मियाँनी टपका बघितला आणि दुसऱ्याच पहाटे शिडी लावली. अठराच्या अठरा माणसं आली. एकही गळलं नाही. माल पोचल्याचा फॅक्स आला त्या दिवशी सरोजने तुमच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि तुम्ही तो काढून माझ्या टेबलावर ठेवलात. मला तो हार बघवत नव्हता.

त्याच संध्याकाळी आपलं भांडण सुरू झालं. रेल्वेचं फाटक ओलांडलं की तुमच्या तोंडचा 'साहेब' जायचा आणि 'अरविंद' यायचा. मी फाटकाचीच वाट बघत होतो.

"काका, मी बोलणार होतो."

"कधी?"

"तुम्ही वेळ तरी द्यायचा होता."

"वेळ दिला. इद्रीसनं तुझ्याकडं बघितलं तेव्हा मी मनात वीस आकडे मोजले. मग बोललो."

मला इतका राग आला की मी स्कूटर बाजूला घेऊन उभी केली. मी म्हणालो, तुम्ही माझी चूक झाकलीत, पण मला मान खाली घालायला लावलीत. खोट्यावर उभी केलेली टोळी किती दिवस टिकेल? तुम्ही मागच्या सीटवरून उतरलातही नाही. "अरे, त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायला कारण पाहिजे होतं. साहेबालाच काही कळत न्हाई असं वाटलं असतं, तर कोण आलं असतं? म्हातारा भांडारवाला विसरला, हे चालतंय. माझं काय जातंय?" मी म्हणालो, ते आले असते. तुम्ही म्हणालात, नसते आले. मग म्हणालात, "आणि तो खिशातला कागद पावसाळ्यानंतर दे. आत्ता घाईत दिलास तर तुझी सही चुकेल." अर्जाचं मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तो मी दिलाच नाही. त्या दिवशी सतरंजीवर तुम्ही सोळा माणसं सावरलीत असं सगळे म्हणतात, मी सतरावा होतो. याबद्दल आभार मानायचे राहिले ते राहिलेच, कारण आभार मानायला गेलो की आपण भांडायला लागायचो.

पाच वर्षं आपण हाच वाद घातला. तुमच्या घरी भाकरी खाताना, पोळ्याला, नीताच्या साखरपुड्यात मांडवाच्या मागे. काकू वैतागून म्हणायच्या, "तो आंबा एकदाचा चिरा आणि खाऊन टाका." मी म्हणायचो, मी इद्रीस मियाँना सांगणार आहे. तुम्ही म्हणायचात, सांग की, तुला कोण अडवतंय? आणि मी सांगत नव्हतो. दर जूनमध्ये ते पेट्यांवरून तुमची चेष्टा करायचे, तुम्ही सलाम ठोकायचात आणि मी फायलीत डोकं घालायचो. दवाखान्यात शेवटचा आलो तेव्हा हे भांडण मिटवायचं ठरवूनच आलो होतो. पण तुम्ही डोक्यावरचा पंखा कसा आवाज करतो तेच सांगत बसलात, आणि मला तेही ऐकायचं होतं.

आता या वर्षाचं सांगतो. यंदा पहिली गाडी गेली आणि सहाव्या दिवशी फॅक्स आला. निम्म्या पेट्यांत बुरशी. तोड वेळेवर झाली होती, थंडाव्याचे आकडे बरोबर होते. मग कुठे चुकलं ते शोधायला तुमच्या बारा पेट्या हव्या होत्या आणि त्या नव्हत्या. तुम्ही नव्हतात आणि आम्हा कुणालाच बाजूला ठेवायचं सुचलं नाही. आता शेडवर तीस माणसं आहेत, निम्मी नवी. मी विचारलं, तर तीसच्या तीस जण म्हणाले, हमसे तो सब ठीक हुआ था. पाचव्या दिवशी दुसरी गाडी भरायची होती, आणि तीही अशीच गेली तर या मोसमाचं काम बंद, असा वरून निरोप. लोक एकमेकांकडे बघेनात. जेवणाचे डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडायला लागले. पंधरा दिवसांपूर्वी तुमच्यासाठी एकत्र रडलेली माणसं ही.

मी दोन दिवस विचार केला की तुम्ही काय केलं असतंत. उत्तर सोपं होतं. गलती मेरी है, असं म्हणायचं. पण काय चुकलं तेच माहीत नसताना खोटा दोष घेऊन उपयोग काय? दुसरी गाडीही बुरशीच घेऊन गेली असती. मला खरं काय घडलं तेच हवं होतं, आणि ते मागायला माझं तोंड नव्हतं.

परवा दुपारी मी इद्रीस मियाँच्या घरी गेलो. ते बागेच्या कडेला खाटेवर बसून तोडणीच्या जाळ्या शिवत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खांदे, नऊ दिवस, तुमच्या कुलपातल्या पेट्या. ते बराच वेळ जाळीच शिवत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. इद्रीस मियाँचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"यानी पाँच बरस मैं उन्हें ताना देता रहा. और वो सलाम करते रहे. आपने मुझसे क्या करवाया, साहब? अब किससे कहूँ?"

मी म्हणालो, माफ़ कर दीजिए. ते म्हणाले, "मुझसे अकेले में नहीं. उन्होंने सबके सामने कहा था. आप भी सबके सामने कहिए." मग जाळी बाजूला ठेवून त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि आम्ही दोघं तो तिथेच प्यायलो.

काका, त्या खाटेवर बसून मला आपल्या भांडणातली तुमची बाजू पटली. पाच वर्षांपूर्वी तुम्ही वीसऐवजी दोनशे आकडे मोजले असतेत, तरी मी बोललो नसतो. हे कबूल. पण अर्धी बाजू माझीही बरोबर होती, आणि ती काल कळली.

काल सकाळी सतरंजी अंथरली आणि सगळ्यांना बसवलं. हात पाठीमागे बांधले. जुन्यांना जे सांगायचं ते सांगितलं, नव्यांना समजेल असं सांगितलं. आंब्याचा साहेब म्हणून आलो आणि पहिला कंटेनर मीच सडवला. चाचांनी माझा दोष स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला. शेवटी म्हणालो की मला कुणाला काढायचं नाही, पण कुठे चुकलं ते कळल्याशिवाय आजची गाडी भरता येणार नाही. वरून एक विमान गेलं. आवाजावरून ते कुठलं हे तुम्ही सांगितलं असतंत. मला काही ओळखू आलं नाही. त्याचा आवाज विरेपर्यंत सगळे तसेच बसून होते. आता ही माणसं उठून घरी जातील, असं मला वाटत होतं.

उठली ती सरोज. पाच वर्षांपूर्वीची रडवेली पोर नव्हे, आता पंधरा बायकांवर हुकूम चालवणारी सरोज. "साहब, उस दिन धुलाई के बाद बिजली चली गई थी. पंखे बंद. आम गीले थे और ड्राइवर हॉर्न बजा रहा था. मैंने लड़कियों से कहा, भर दो." तिने मागे बसलेल्या बायकांकडे हात केला. "इन लोगों ने मना किया था. मैंने ही कहा."

तिच्या वाक्याच्या मधेच मी हात वर केला होता. असू दे, माझीच चूक, जनरेटरची सोय मी करायला हवी होती, असं जिभेवर आलं होतं. तुमच्याजवळ पाच वर्षं राहिल्याचा परिणाम.

कालही अकराला वीज गेली. इद्रीस मियाँनी खांद्यावरचा गमछा काढला आणि धुतलेला पहिला आंबा पुसायला घेतला. मग ओढण्या निघाल्या, घरून सुती साड्या आल्या, ड्रायव्हरने हॉर्न वाजवून बघितला आणि कंटाळून तोही पुसायला बसला. तीस माणसांनी एकेक फळ हाताने कोरडं केलं. बारा पेट्या सरोजने स्वतः भांडारात नेऊन ठेवल्या. गाडी तीन तास उशिरा सुटली. फॅक्स अजून यायचा आहे आणि मला भीती वाटत नाहीये. डबे मात्र काल सगळ्यांनी एकाच सतरंजीवर उघडले.

तुम्ही असतात तर सरोजला पुढे बोलूच दिलं नसतंत, काका. दोष उचलून भांडारात ठेवून दिला असतात. मीही तेच करणार होतो. पण ती उभी होती, मान वर करून, आणि तिला अजून बोलायचं होतं. मी हात खाली घेतला आणि तिचं बोलणं पुरं होऊ दिलं.

तुमचा,
अरविंद